अण्णांची देवळा लाइन

देवळ्याला रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरी एका पावसाळ्यात आमच्या घरातून देवळ्याला दिवसभर गाड्या सुटायच्या, डबल लाइन होती, मधे दोन पूल होते, आणि त्या सगळ्या रेल्वेचे मालक माझे वडील होते. हे सांगितलं की माझा मुलगा हसतो. तो हल्ली तसलाच रेल्वेचा नवा गेम मोबाइलवर खेळतो आणि अडला की, "आई, इथे गाड्या का तुंबल्यात बघ ना," म्हणून फोन माझ्या तोंडासमोर धरतो. मी पोळी लाटता लाटता सांगते, की येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाडीला एकच रूळ दिलास तर काय होणार, आधी तिथे दुसरी लाइन टाक. लगेच गाड्या सुटतात आणि चिरंजीव तोंड वासून बघतात. आईला हे कुठून येतं, हा प्रश्न त्याला पडतो, पण उत्तर ऐकायला तो कधी थांबत नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवते.

आमचं घर नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. अण्णांनी ते आम्हा मुलांच्या शाळेसाठी घेतलेलं. स्वतः ते तिथे राहत नसत. ते कांद्याचे व्यापारी. तिकडे लांब देवळा गावच्या मार्केटात त्यांचा गाळा, गावाबाहेर कांद्याच्या चाळी. शहरातल्या माणसाला चाळ म्हटलं की खोल्या आठवतात, पण आमची चाळ म्हणजे खालून-बाजूंनी वारा खेळेल असा बांबूच्या पट्ट्यांचा लांबच लांब गोदामासारखा मांडव. उन्हाळ कांदा तिच्यात भरायचा आणि भाव येईपर्यंत धरून ठेवायचा. धरून ठेवणं हीच आमच्या घराण्याची विद्या. शेजारच्याने घाबरून माल सोडला आणि पुढच्या आठवड्यात बाजार चढला, असल्या गोष्टी आमच्याकडे देवादिकांच्या कथांसारख्या सांगितल्या जात. अण्णा रविवारी यायचे, जीपमधून कांद्याचा वास, शेवेचा पुडा आणि भरपूर आरडाओरडा घेऊन. सोमवारी पहाटे ते गेले की घर पुन्हा आईचं. तिच्या कुकरच्या शिट्ट्या, लांबून जाणाऱ्या मालगाडीचा खडखडाट आणि कॅम्पातला लष्कराचा तोफांचा सराव. सराव चालू असला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुणे दचकायचे. आम्ही वरण वाढा म्हणायचो.

मी नववीत असताना, लिलाव चालू असतानाच अण्णांच्या छातीत दुखलं. नानाकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, त्यांना जीपमध्ये घालून नाशिकला आणलं. तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करावी लागेल, असं ठरलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं आणि म्हणाले, "काका, या महिन्यात ऑपरेशन करून घ्या."

अण्णांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. "दिवाळीनंतर करू."

"दिवाळी लांब आहे. या महिन्यात."

"बरं, ऱ्हायलं. दसरा धरा."

"काका, मी तारीख सुचवत नाहीये. गरज सांगतोय."

"तुमचंबी ऱ्हाऊ द्या, माझंबी ऱ्हाऊ द्या. पितरांचा पंधरवडा उठल्यावर बघू."

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं. शेवटी ते थकून म्हणाले, की मर्जी तुमची, पण गोळ्या चुकवू नका, मार्केटला जाऊ नका, जिना चढू नका आणि जरा जरी दुखलं तरी तडक या. अण्णा बाहेर आले ते जिंकून आल्यासारखे. जीपमध्ये बसताना आईला म्हणाले, "पहिल्या बोलीला माल सोडत नसत्यात. बघितलं का, कसा उतरला त्यो?"

जन्मभर लिलावात उभ्या राहिलेल्या माणसाला समोरच्याचा पहिला शब्द हा शेवटचा असू शकतो, हेच ठाऊक नव्हतं. डॉक्टर सुरुवातीला ताणून सांगणार, मग हळूहळू खाली येणार, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. मला तेव्हाही भीती वाटली होती, आज त्या वयाला पोचल्यावर जास्तच वाटते.

तर रविवारचे अण्णा आता सातही वार घरी. वाघ पिंजऱ्यात म्हणतात तसं. आई बिनमिठाची दुधीची भाजी आणि फुलके करायची. बाजरीची भाकरी आणि खरडा चेपणारा माणूस ताटाकडे बघून म्हणायचा, "यापेक्षा बैलाची पेंड बरी, तिला वास तरी असतो." दिवसभर देवळ्याला फोन. दोघे भाऊ फोनवर अहिराणीवर यायचे. "नाना, काय भाव शे आज?" आणि पुढचं उत्तर ऐकून असे ओरडायचे की आई स्वयंपाकघरातून पळत यायची. एकदा तर पायात चपला सरकवून ते गुपचूप रस्त्यावर गेले आणि एसटीला हात करताना शेजारणीने पाहिले. आईने त्या दिवसापासून त्यांच्या चपला कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. तिचा जीव टांगणीला लागलाय हे मला तिच्या हातांवरून कळायचं, एकच पातेलं ती पुन्हा पुन्हा घासत बसायची.

माझा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला होता. तिथे कॉम्प्युटर ठेवू देत नव्हते म्हणून त्याचा तो भला मोठा डबा घरीच राहिला आणि मी त्यावर रेल्वेचा गेम खेळायचे. एका दुपारी अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"काय हाय हे?"

"रेल्वेचा गेम आहे, अण्णा. आपण रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, माल न्यायचा."

"वॅगन कोन देतं?"

"कोणी नाही. आपणच घ्यायची. हे बटण दाबलं की येते."

अण्णा पडद्याकडे वाकले. त्यांचं अर्धं आयुष्य मालधक्क्यावर वॅगनची वाट बघण्यात गेलं होतं. आमच्या घरात वॅगन हा शब्द, येतो येतो म्हणून कधीच न येणाऱ्या मेव्हण्यासारखा घेतला जायचा. ते खुर्ची ओढून बसले.

"दाब बरं."

दाबलं. वॅगन आली.

"आजून दाब."

आली. मग आणखी एक आली. ओळीने वॅगनी लागल्या आणि अण्णा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई दारात येऊन उभी राहिली होती. घरात त्या पावसाळ्यात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुटली की अण्णांची शाळा भरायची. गेममधली गावं परक्या मुलखातली होती, पण नावं बदलता यायची. अण्णांनी पहिल्याच बैठकीत एका डोंगराळ गावाचं नाव देवळा करायला लावलं आणि दुसऱ्याचं नाशिकरोड. मधल्याचं ओझर झालं, कारण तिथे कारखाना होता आणि अण्णांच्या हिशेबी कारखाना म्हटला की ओझरच. गेममध्ये कांदा नव्हता. धान्य होतं. "ह्याला कांदा समज," असा हुकूम निघाला.

सुरुवातीला त्यांनी रूळ डोंगरावरून नाकासमोर टाकले. इंजिन चढावर असं रांगायला लागलं की बघवेना. मी म्हटलं, "डोंगराला वळसा घाला. रूळ लांब झाला तरी चालेल, चढ नको." ते म्हणाले, "वळशाचं डिझेल तुझा मामा देनार का?" मग मी त्यांना दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळवून दाखवल्या. सपाटीवरची गाडी पोचून, माल उतरवून परत निघाली तेव्हा चढावरची अजून अर्ध्या घाटात होती. अण्णा म्हणाले, "हां. कसारा घाट झाला हा." आणि तो धडा त्यांना कायमचा समजला. एकदम दहा गावं जोडायच्या नादी लागू नये, दोन मोठी गावं घट्ट जोडावीत, ती पोसतील मग पुढचं बघावं, हे मात्र त्यांनीच मला शिकवलं. माझ्या आधीच्या सगळ्या कंपन्या त्याच हावरटपणापायी बुडाल्या होत्या.

पण एका गोष्टीवर ते अडून बसले. गेममध्ये गाडीला हुकूम देता यायचा, की पूर्ण भरल्याशिवाय निघू नको. अण्णांनी प्रत्येक गाडीला तोच हुकूम दिला. झालं. देवळ्याला गाडी उभी, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. स्टेशनावर पडून राहिलेला माल दिवसागणिक कमी होत चालला, आणि लोक तर अशा रेल्वेकडे फिरकेनात. अण्णांना पटेना.

"माल कमी कसा होतोय? हमाल चोरतायत का?"

"हमाल नाहीत अण्णा इथे. माल नेला नाही की तो जातो."

"कुठं जातो? चाळीत ठेवलेला माल कुठं जाईल?"

"ही चाळ नाही. इथे थांबलं की भाव उतरतो. अर्धी भरली तरी गाडी सोडायची."

"अर्धी गाडी?" ते असे बोलले की जणू मी अर्धी भाकरी फेकून द्यायला सांगितली. "अर्धी गाडी सोडनारा यापारी मी जन्मात पाह्यला नाय."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. म्हणून मी त्यांच्या गेमची एक प्रत वेगळी ठेवली आणि शनिवारी त्यांच्यासमोरच ती खेळले. तोच मुलूख, त्याच गाड्या, फक्त प्रत्येकीला हुकूम दिला, की आली की निघ, मिळेल तेवढं घेऊन निघ. गाड्या पळायला लागल्या. लवकर आली म्हणून लोक चढले, लोक चढले म्हणून गाव वाढलं. गेममधली दोन-तीन वर्षं सरली तेव्हा माझ्या देवळ्यात घरं दाटली होती आणि अण्णांच्या देवळ्यात तीच चार कौलं. तंबाखू बंद होती म्हणून अण्णा नुसताच तळहात अंगठ्याने चोळत बसले. सोमवारी मी शाळेतून आले तर त्यांच्या सगळ्या गाड्या पळत होत्या. एकेका गाडीवर जाऊन हुकूम बदलायला त्यांना सकाळपासून दुपार झाली होती, असं आईने सांगितलं. मला काय आनंद झाला! पण तो त्यांना दाखवण्याची माझी छाती नव्हती.

इकडे खऱ्या जगात मात्र गाडी जागची हलत नव्हती. महिना संपत आला होता. नानाकाका येऊन यादी म्हणायचे. चाळी रिकाम्या होऊ देत, भाव चढतोय. पितरं उठू देत. घट बसू देत. मामा गावाहून येऊ देत. रक्त द्यायला घरचीच माणसं हवीत, ती शेतीच्या कामातून मोकळी होऊ देत. काका वाईट नव्हते. भावाच्या छातीला कोणी सुरी लावणार याची त्यांना भीती वाटायची, आणि त्या भीतीला ते अशा कारणांचे कपडे घालायचे. अण्णांना ते हवंच होतं. आई एकदा म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणाले होते..." तर दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "तू गप."

मग तो दिवस. आई भाजीला कॅम्पच्या बाजारात गेली होती. सराव चालू होता, तावदानं थरथरत होती. अण्णांनी देवळ्याला दुसरं स्टेशन बांधायला काढलं होतं आणि मी रूळ कुठून न्यावा ते दाखवत होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. "मने, थांबीव," ते म्हणाले. मी गेम थांबवला. पडद्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. कपाळावरून घाम टपटपत होता आणि ओठ पांढरे पडले होते. जिभेखालच्या गोळीची बाटली त्यांच्या खिशात असायची, ती मी काढली. झाकण फिरेना. दाताने उघडलं. गोळी त्यांनी घेतली आणि डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून बसले आणि जोरजोरात शेजारच्या काकूंना हाका मारल्या, पण तोफा वाजत होत्या. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं, की माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आई बाजारातून येईपर्यंत राहा, आई येईपर्यंत राहा.

हळूहळू श्वास लागला. रंग परतला. डोळे उघडून त्यांनी आधी मला पाहिलं, मग पडद्याकडे. कितीतरी वेळ ते त्या उभ्या गाड्यांकडे बघत होते.

"हितं थांबवायला बटन हाय, बरं हाय," ते म्हणाले. मग कपाळ पुसून, "डॉक्टरला फोन लाव. म्हनावं, आजच येतो."

काका देवळ्याहून धावत आले तेव्हा अण्णा दवाखान्यात दाखल झालेले होते आणि दोन दिवसांनंतरचं ऑपरेशन ठरलं होतं. काकांचा चेहरा पडला. "अण्णा, पितरांच्या दिवसांत? आसल्या दिवसांत कोनी शुभकाम करतं का?"

"शुभकाम नाय रे हे. रिपेरी हाय."

"मामा नाय आले. रक्ताचं नाय झालं. चाळी तशाच भरलेल्या..."

"चाळी सोड उद्या. भाव काय यायचा तो येईल."

"पन थोडं थांबलं तर..."

अण्णांनी उशीवरून मान उचलली. ओरडले नाहीत. "मी काय कांदा हाय का नाना, चाळीत ठिवायला?"

काकांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. मग ते उठले आणि रक्त द्यायची खोली कुठे आहे ते विचारायला गेले. बाकीची माणसं कॅम्पातल्या शेजाऱ्यांतून मिळाली. समोरच्या लष्करी क्वार्टरमधला एक हवालदार, ज्याचं नावही आम्हाला नीट माहीत नव्हतं, दोन जवान घेऊन आला आणि बाही वर करून उभा राहिला. वाट बघण्याजोगं त्या यादीत काहीच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी पावसाची उघडीप होती. आम्ही लांबलचक बाकावर बसलो होतो, आई मधे, मी एका बाजूला, काका दुसऱ्या. आत काय चाललंय ते सांगायला कोणी येत नव्हतं. दार उघडलं की मी आणि काका उठायचो आणि दुसऱ्याच कोणाची तरी ट्रॉली जायची. आईने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. काका दर थोड्या वेळाने म्हणायचे, "वैनी, चहा आनू?" ती नको म्हणून मान हलवायची. दाराकडे ती बघत नव्हती. समोरच्या भिंतीच्या एका डागाकडे बघत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली होती, केस घामाने चिकटले होते. म्हणाले, "छान झालं. शुद्धीवर आले की भेटा." आणि जाताना आईकडे वळून म्हणाले, "वेळेवर आणलंत, काकू. आणखी थांबला असतात तर कठीण होतं." काका, त्यांच्याहून वयाने दुप्पट, सरळ त्यांच्या पायाशी वाकले. डॉक्टर मागे सरले, तर काका त्यांच्यामागे वाकतच चालले. मी हुंदके देऊन रडायला लागले. इतके दिवस छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला केला असं वाटलं. आजही कुणाची चांगली बातमी ऐकली की मला हसू यायच्या आधी रडू येतं, ते त्या दिवसापासून.

आई मात्र तशीच बसून होती. मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही. मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "मला भूक लागलीय."

तिच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं घेऊन ती कधी बसायची, बसायची की नाही, आम्ही पाहिलंच नव्हतं. काका धावत खाली गेले आणि उपाहारगृहात जे होतं ते सगळं घेऊन आले. पोहे, बटाटेवडे, पाव, केळी. आईने पदर खोचला आणि त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, जेवायला लागली. पोहे संपवले. वडे संपवले. पावाचा तुकडा प्लेटमधून फिरवून चटणी पुसून घेतली. मधेच रडून मला ठसका लागला तर पाणी माझ्यापुढे सरकवलं आणि पुन्हा खाऊ लागली. काका केळं सोलून एकेक तिच्या हातात देत होते. ती घेत होती.